जीपच्या कॉकची खुंटी

दादाच्या विजारीला पेट्रोलचा वास येतो हे वहिनीच्या लक्षात आलं ते देवापुढे निरांजन लावताना. दादा तिच्या शेजारी हात जोडून उभा होता आणि तिच्या हातात पेटती काडी होती. तिने काडी फुंकून विझवली, देव्हाऱ्याचं दार लावलं आणि म्हणाली, "आज देवाला अंधारातच राहू द्या. तुम्ही आधी बाहेर जा आणि कपडे बदला."

माझा थोरला भाऊ जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली, पण ही बातमी डोंगरावरच्या गुरांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. आमचं गाव नगर तालुक्यातच, हिवरे बाजारच्या पलीकडच्या डोंगरात. वरच्या वस्त्यांना रस्ता आहे असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात आधी ओढ्याचं पात्र लागतं, मग दगड लागतात, मग आणखी मोठे दगड. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादाची मोटारसायकल बंद झाली आणि उरली ती जीप. लष्कराने कधीकाळी लिलावात काढलेली, चारही चाकं ओढणारी, वयाने माझ्याहून थोडीच लहान. हिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर खाली असते. ज्याने ही रचना केली त्याने युद्धाचा विचार केला असेल, वहिनीचा केला नव्हता.

त्या टाकीच्या बुडाला एक पितळी कॉक आहे. अंगठ्याएवढी वस्तू. पाव फेरा फिरवला की पेट्रोल चालू, उलटा फिरवला की बंद. दादा चढावर गाडी लावून गोठ्यात शिरतो तेव्हा तो बंद करावाच लागतो, नाहीतर परत येईपर्यंत इंजिन पेट्रोल पिऊन बसतं आणि सुरू व्हायचं नाव घेत नाही. तोच कॉक गळत होता. धार नव्हती, थेंब होता. पण पेट्रोलचा थेंब आणि तोही बसायच्या जागेखाली.

वहिनीने मुदत दिली. महिनाअखेरपर्यंत गळती थांबली नाही तर जीप हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला द्यायची. तो दोन वर्षं मागे लागला होता. त्याला ती हॉटेलच्या दारात उभी करायची होती, बॉनेट उचकटून आत मोगरा लावून.

"मलाही तिच्यात बसव म्हणावं," दादा मला म्हणाला, "आणि माझ्यावर एखादा वेल सोड."

तो हसला. जीप गेली की फिरती गेली. फिरती गेली की दादा ओसरीवर बसून पेपर वाचणारा माणूस होणार. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, दिवसभर पेपर वाचणाऱ्या निवृत्त माणसांच्या सहवासात मी उमेदीची वर्षं काढली आहेत. ती शिक्षा मी सख्ख्या भावाला होऊ देणार नव्हतो.

गावात जे उपाय असतात ते सगळे झाले होते. कपड्याचा साबण चोळून लावला, तो दोन दिवस टिकला. सुतळी गुंडाळली. नवीन कॉक हार्डवेअरच्या दुकानात मिळेना, कारण त्याचे आटे जुन्या मापाचे. शेवटी दादाने आपल्या विद्येचा उपयोग केला: दूध काढायच्या मशीनची रबरी नळी कापून तिचा वॉशर बनवला. चौथ्या दिवशी तो फुगून भिजवलेल्या हरभऱ्यासारखा झाला आणि कॉक फिरेनासाच झाला. तो उपसून आधीचाच वॉशर परत घालावा लागला.

"अरे, हे रबर गाई-म्हशींच्या दुधाला टिकतं," दादा म्हणाला, "पेट्रोलला काय झालंय?"

मी नगरला राहतो, म्हणून कॉक माझ्याकडे आला. टाकीच्या बुडाच्या भोकाला दादाने लाकडी बूच ठोकलं आणि जीप गोठ्याशेजारी उभी केली. मी वाचणारा माणूस असल्यामुळे आधी वाचलं. मग उसना व्हर्नियर आणून मापं घेतली, आलेखाच्या कागदावर ड्रॉइंग काढलं आणि एमआयडीसीतल्या एका नव्या कारखान्यात गेलो. कारखान्याचं उद्घाटन नुकतंच झालेलं असावं, दाराच्या कडीला कापलेल्या रिबिनीची गाठ अजून तशीच होती. शेजारी संगमरवरी पाटीवर सात नावं कोरलेली. त्यांत यंत्र बनवणाऱ्याचं किंवा चालवणाऱ्याचं एकही नव्हतं.

मॅनेजरने ड्रॉइंग बघितलं. "छान काढलंय. क्वांटिटी?"

"एक."

"एक हजार?"

"एक."

त्याने मला चहा पाजला. ज्याच्या घरी नुकतंच काही वाईट घडलं आहे अशा माणसाला पाजतात तसा. बाहेर पडताना गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "काम न्हाई झालं ना? मागच्या गल्लीत जावा. पत्र्याच्या शेडमधी एक मिस्त्री हाय. त्यो करील. पन बोलनं लई कमी."

शेडमध्ये एकच लेथ होता. मागे कपाट, कपाटावर काचेच्या पेटीत बुद्धाची मूर्ती. पितळेचा कीस उडून तिच्यावर बसू नये म्हणून ती पेटी. मिस्त्री पासष्टीचा, काष्टीकडचा. एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्याची हयात गेली होती आणि निवृत्त होताना त्याने कंपनीने भंगारात काढलेला लेथ घेतला होता. आहेर म्हणून शाल मिळाली होती. ती लेथवर पांघरलेली असायची.

माझं ड्रॉइंग त्याने बाजूला ठेवलं आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. कॉक हातात घेतला, फिरवला, उघडला आणि नाकाशी नेला.

"साखर कारखान्याचा वास हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, वॉचमनने सांगितलं नाही ते हे: डोकं जरा सरकलेलं आहे.

मग त्याने सुईच्या टोकाने आतून एक काळपट कडं बाहेर काढलं. "हा बुचाचा वॉशर. जुन्या पेट्रोलमधी जल्मभर टिकायचा. आता पेट्रोलमधी दारू घालत्यात, उसाची. ह्यो ती पितो आन फुगतो. टाकी रिकामी झाली की वाळतो, आन चिरतो. रबर घालून बघितलं आसंल, तर त्ये बी तसंच गेलं आसंल."

"तुमच्याकडे ऊस आहे का?"

"भावाकडं हाय. कारखान्यालाच जातो."

"म्हणजे ही गळती तुमच्याच शेतातून सुरू झाली."

मिस्त्रीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "व्हय," तो म्हणाला, "म्हनून तर मलाच निस्तरावी लागनार."

बूच नको, रबर नको, फक्त धातूला धातू, असं त्याने ठरवलं. कॉकची बॉडी म्हणजे पितळेचा एक ठोकळा, त्यात वरून खाली निमुळतं होत जाणारं भोक. त्या भोकात बसणारी तशीच निमुळती खुंटी. खुंटीला आडवं छिद्र. खुंटी फिरवून छिद्र वाटेत आणलं की पेट्रोल जातं, पाव फेरा फिरवलं की भिंत उभी राहते. मध्ये काहीही नाही. दोन पितळी पृष्ठभाग एकमेकांना इतके टेकले पाहिजेत की पेट्रोलला, म्हणजे जगातल्या सगळ्यात चोरट्या द्रवाला, फट सापडता कामा नये.

"दोन करतो," मिस्त्री म्हणाला. "एक बसवा, एक ठिवा. माझ्या मागं कुनाकडं जानार तुमी?"

मी तिथे स्टुलावर बसून राहिलो. एक दिवस, मग दुसरा. मला जाण्याची घाई नव्हती आणि त्याला मी असल्याचं भान नव्हतं. पितळेच्या गजातून खुंटी बाहेर येताना मी पाहिली. हत्यार टेकलं की सोनेरी कीस सुटायचा, पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज करत ट्रेमध्ये पडायचा. शेवटचा घाव त्याने इतका हलका घेतला की कीस दिसलाच नाही, फक्त खुंटीचा रंग एका श्वासात बदलला.

मला वाटलं, झालं. काम तर आता सुरू होत होतं.

त्याने खुंटीला निळ्या रंगाचं बोट लावलं, बॉडीत घालून किंचित फिरवलं आणि बाहेर काढलं. एका बाजूला निळं पुसलं गेलं होतं, दुसऱ्या बाजूला तसंच होतं.

"जिथं पुसलं तिथं भेट झाली," तो म्हणाला. "बाकीचे आजून वळख दावीत न्हाईत."

मग खरखरीत पेस्ट लावून त्याने खुंटी त्याच बॉडीत घासायला घेतली. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, उचलायची, थोडी वळवून पुन्हा ठेवायची. पुन्हा धुऊन निळं बोट, पुन्हा पेस्ट, आधीपेक्षा बारीक. बघायला काहीच नव्हतं, ऐकायला होतं. सुरुवातीला वाळूत चप्पल ओढल्यासारखा आवाज यायचा. तासाभराने कागदावर हात फिरवल्यासारखा. मग तोही थांबला आणि मिस्त्रीचे हात आवाजाशिवाय फिरत राहिले. मी तीस वर्षं वाचनालयात 'शांतता राखा' ही पाटी सांभाळली. शांतता म्हणजे काय ते मी त्या शेडमध्ये ऐकलं.

शेवटी त्याने कॉक साबणाने धुतला, शालीच्या टोकाला पुसला, बंद केला, एक तोंड ओठात धरून हवा ओढली आणि चटकन जीभ टेकवली. मग हात सोडला. कॉक जिभेवरून लोंबकळत राहिला. पासष्टीचा गंभीर माणूस जीभ बाहेर काढून उभा, जिभेला पितळेचा कॉक, आणि तो पडत नव्हता. मी मनात आकडे मोजायला लागलो आणि मोजायचं विसरलो.

त्याने तो ओढून काढला. "धरतंय," एवढंच म्हणाला.

आतली हवा बाहेर काढलेली आणि बाहेरची आत शिरू शकत नव्हती. हात, पेस्ट आणि कान एवढ्या भांडवलावर केलेलं काम. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले आहेत, त्यांतल्या बहुतेकांना हवा भरून द्यावी लागायची.

दुसरा कॉकही तसाच धरला. मिस्त्रीने पेनाने पहिल्या जोडीच्या दोन्ही तुकड्यांवर एक रेघ मारली, दुसऱ्या जोडीवर दोन रेघा, आणि चौघांना फडक्यात बांधून दिलं.

यापुढचं कृत्य माझं आहे.

गावाला पोहोचल्यावर मी फडकं सोडलं. चकचकीत नव्या पितळेवर निळ्या पेनाच्या रेघा. पुस्तकांवर पेनाने रेघा मारणाऱ्यांशी मी सगळी नोकरी लढलो, हाताला ती सवय आहे. मी वाटीत डिझेल घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि चारही तुकडे निर्मळ धुऊन काढले. मग उन्हात वाळवले आणि जी खुंटी हाताला आली ती जवळच्या बॉडीत सरकवली. दोन्ही खुंट्या अगदी सारख्या दिसत होत्या. माझ्या ड्रॉइंगमध्ये तर त्या एकच होत्या.

दादाने एक कॉक बसवला, टाकीत पेट्रोल घातलं. वहिनीने जीपखाली आदल्या दिवशीचा पेपर पसरला आणि आत गेली. ती वाद घालत नाही, पुरावा मागते. दुपारी पेपर काढला तेव्हा त्यावर रुपयाएवढा ओला डाग होता, कुठल्याशा उद्घाटनाच्या फोटोतल्या प्रमुख पाहुण्यांच्या बरोबर फेट्यावर.

दादाने पाना घेऊन खुंटीला बॉडीत घट्ट ओढून धरणारा खालचा नट आवळला. थेंब वाढला. आणखी आवळला, आणखी वाढला. वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त वाईट वाटलं. "राहू द्या आता. रविवारी ते हॉटेलवाले येतायत. तुम्ही एकट्याने वर जाता, फोनला रेंज नसते. मी इथे बसून काय काय डोळ्यांपुढे आणत असते, तुम्हाला माहीत नाही."

तो दिवस शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं नगरला निघालो, एसटीने, पिशवीत दोन कॉक घेऊन. वाटेत मी मनातल्या मनात मिस्त्रीला त्या संगमरवरी पाटीवर आठवा बसवून टाकला. जिभेचा खेळ बघून आपण भुललो, असं मला वाटत होतं. संशय घेणं हा माझा जुना धंदा आहे आणि त्या दिवशी तो तेजीत होता.

मिस्त्रीने कॉक उघडले. खुंटी उलटसुलट बघितली. "रेघा कुठं हायेत?"

"पुसल्या," मी म्हणालो. "स्वच्छ केले."

"आन मंग कोन कुनात घातलं?"

"हाताला आली तशी," मी म्हणालो.

"सर," मिस्त्री सावकाश म्हणाला, "मांडवात दोन नवऱ्या सारख्या दिसत्यात म्हनून कुनालाबी कुनाच्या घरी धाडता काय?"

दादा इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. "तरी म्हटलं," तो म्हणाला, "आपल्या घरात एवढं टापटिपीचं कोण आहे?"

मग मिस्त्रीने मला समजावलं, जरा दयेने. लेथवरून उतरल्या तेव्हा दोन्ही खुंट्या सारख्याच होत्या. पण नंतर प्रत्येक खुंटी तासन्‌तास एकाच बॉडीत घासली गेली. तिने त्या बॉडीचे उंचवटे घेतले, बॉडीने तिचे घेतले. आता जगात तिला बसेल असं एकच भोक आहे, आणि त्या भोकाला बसेल अशी एकच खुंटी. माझ्या व्हर्नियरला ते दिसत नाही. पेट्रोलला दिसतं.

त्याने डोळे मिटून एक खुंटी एका बॉडीत ठेवली, किंचित फिरवली, काढली, दुसरीत ठेवली. "ही हिची," तो म्हणाला. कशावरून, असं मी विचारलं. तो म्हणाला, "दुसरीत खुळखुळती." मीही फिरवून पाहिली. मला दोन्हीकडे सारखंच लागलं. माझ्या बोटांना वाचता येत नव्हतं.

जोड्या जागेवर आल्या. न बसवलेल्या कॉकच्या बॉडीला स्वतःची खुंटी मिळाली, पण ती खुंटी दादाच्या पान्याखालून आली होती. चुकीच्या बॉडीत आवळल्यामुळे तिच्या अंगावर केसाएवढा ओरखडा उठला होता. दुसऱ्या जोडीत बॉडीला तसाच ओरखडा.

"दोन्ही परत घासाय लागत्यात," मिस्त्री म्हणाला. "माझ्याच्यानं आज एकच व्हईल. तिन्हीसांजेनंतर डोळं साथ देत न्हाईत." आणि त्याने एक जोडी माझ्यापुढे सरकवली. "ही तुमी जुळवा. तुमीच मोडलीय."

मी पेस्ट लावली आणि सुरुवात केली. पहिली पंधरा मिनिटं मी ती शिक्षा म्हणून घासत होतो. अर्धा पुढे, अर्धा मागे, उचल, वळव, ठेव. मनगट दुखायला लागलं. "जोर नगं," मिस्त्री मान वर न करता म्हणाला, "तिला तिची वाट माहीत हाय. तुमी फकस्त सोबत ऱ्हावा." मी जोर काढला. मग हळूहळू बोटांखाली काहीतरी बदललं. आधी खुंटी दोन-तीन जागी अडखळत होती, त्या जागा मला आता कळायला लागल्या होत्या, अंधारात आपल्या घरातल्या पायऱ्या कळतात तशा. एकेक अडखळ नाहीशी झाली. मग अशी वेळ आली की मी काय फिरवतो आहे ते हाताला कळेना, एवढं ते सगळीकडून सारखं झालं. आवाज कधी थांबला ते मला सांगता येणार नाही.

धुतला, पुसला, बंद केला. मिस्त्री म्हणाला, "वढा."

मी हवा ओढली, जीभ टेकवली, हात सोडला. जिभेवर थंड धातू, थोडी साबणाची चव, आणि एक ओढ. आतून कोणीतरी धरून ठेवावं तशी. कॉक पडला नाही. मला काही बोलायची फार इच्छा झाली, पण जीभ गुंतलेली होती.

"डॉक्टर," मिस्त्री दादाला म्हणाला, "सरांना आसंच ऱ्हाऊ द्या थोडा येळ. लई दिसांनी गप बसल्यात."

निघताना त्याने दोन्ही जोड्यांवर पंचने ठोकून ठिपके उठवले, एकीवर एक, दुसरीवर दोन. ते कुठल्याही ब्रशने पुसले जाणार नव्हते. मी घासलेला कॉक बसवायचा आणि त्याने घासलेला जपून ठेवायचा, असं त्याने बजावलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तुमचा बिघडला तर माझा हायेच."

रविवारी पहाटे उजाडताच दादाने कॉक बसवला. वहिनीने पेपर पसरला आणि या वेळी ती आत गेली नाही, पाट आणून जीपशेजारी बसली, तिथेच तिने भाजी निवडली. अकराच्या सुमारास हॉटेलवाला आला, लांबलचक पांढऱ्या गाडीतून, सोबत मोबाईलवर फोटो काढणारा एक माणूस. त्याने जीपभोवती चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि मोगऱ्याऐवजी बोगनवेल कशी दिसेल यावर बोलू लागला.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. वरच्या वस्तीवरची म्हैस सकाळपासून अडली होती, पारडूचा एकच पाय बाहेर आला होता. रेंज येईल तिथपर्यंत तो माणूस टेकडी उतरून आला होता आणि धापा टाकत होता. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

दादाने फोन ठेवला आणि वहिनीकडे पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस असा नुसता उभा राहून परवानगी मागताना मी पाहिला नव्हता.

वहिनी खाली वाकली. जीपखालचा पेपर तिने ओढून काढला, उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. मग स्वतः अर्धी जीपखाली गेली, बोटाने कॉकचं बूड चाचपलं, बोट पदराला पुसलं आणि पदर डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. हॉटेलवाल्याच्या माणसाने या सगळ्याचा फोटो काढला.

"तुमची ही गाडी..." हॉटेलवाला सुरू झाला.

"ती कामाला निघालीय," वहिनी म्हणाली. "तुम्ही चहा घेऊन जा." आणि दादाला म्हणाली, "हातमोजे घेतलेत का? आणि गरम पाण्याचा थर्मास न्या, वर चूल पेटायला वेळ लागतो."

दादाने सीटखाली हात घालून कॉक पाव फेरा फिरवला. जीप सुरू झाली. फाटकात पांढरी गाडी आडवी होती, हॉटेलवाल्याला ती मागे घ्यावी लागली आणि दोन वेळा बांधाला घासली. दादा ओढ्यात उतरला, पलीकडे दगडांवर चढला. वहिनी कठड्याशी उभी राहून बघत होती, हातात तो कोरडा पेपर. जीप एका बाजूला कलायची, सावरायची, पुन्हा कलायची. तिच्या पोटात, माणूस बसतो त्याच्या वीतभर खाली, मी घासलेली खुंटी आपल्या जागी बसलेली होती.

"भाऊजी," वहिनी वळून न पाहता म्हणाली, "तो दुसरा कॉक माझ्याकडे द्या. मी ठेवते. तुम्ही धुवायला घ्याल."